मृगाआधी एकदा बाही वर करा

साठी ओलांडलेल्या माझ्या सगळ्या भावाबहिणींना हात जोडून विनंती आहे. मृगाचा पाऊस यायच्या आत एकदा दवाखान्यात जा आणि फ्लूची लस टोचून घ्या. त्याच फेरीत न्यूमोनियाच्या, धनुर्वाताच्या आणि नागिणीच्या लशीबद्दलही विचारून या. हे वाचताना ज्यांच्या पोटात गोळा आला, तळहात गार पडले, पान उलटावंसं वाटलं, त्यांनी कृपा करून थांबावं. मी हे खास त्यांच्यासाठी लिहिते आहे, कारण मी त्यांच्यातलीच एक आहे.

माझं वय सहासष्ट. उभी हयात शाळेत शिकवण्यात गेली. पोरांना ‘घाबरायचं नाही’ असं हजार वेळा सांगितलं असेल, पण स्वतः मात्र सुईला भीत राहिले आणि ते कधी कुणाला कळू दिलं नाही. मुलगा लशीचं नाव काढायचा तेव्हा माझं उत्तर तयार असायचं. ‘आता या वयात कशाला?’ ‘मला साधी सर्दीसुद्धा होत नाही.’ ‘करोनाच्या घेतल्यात ना, झालं की.’ ‘दिवाळीनंतर बघू.’ या सगळ्या बोलण्यामागे एकच गोष्ट दडलेली होती. मला सुईची भीती वाटते, एवढं तोंडातून निघत नव्हतं. नातवंड भ्यालं तर त्याला आपण कुशीत घेतो. आजीच भ्याली तर तिनं कुणाच्या कुशीत जायचं?

तुम्हीही कदाचित असंच काहीतरी सांगून वेळ मारून नेत असाल. यात लाजण्यासारखं काही नाही. सुईच्या भीतीवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढ रुग्णांपैकी १६ टक्के लोक केवळ सुईच्या भीतीनं फ्लूची लस टाळतात असं दिसलं. रुग्णालयांत नोकरी करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २७ टक्के होतं. रोज सुया ज्यांच्या डोळ्यांसमोर असतात, त्यांची ही गत. मग तुमची-माझी काय कथा!

आपल्या पिढीची भीती तर फुकटची नाहीच. ती आपण सोसून कमावली आहे. मी दुसरीत होते. एके दिवशी शाळेत देवी टोचणारे आले. ही बातमी कळताच निम्मी पोरं मागच्या भिंतीवरून उड्या टाकून उसात पळाली. आम्ही मुली ओट्यावर रांगेत उभ्या राहिलो. त्या माणसाच्या हातात बारीक टोकांचं एक हत्यार होतं. लशीचा थेंब दंडावर ठेवायचा, त्यावर ते टेकवायचं आणि गरकन फिरवायचं. माझ्या पुढच्या मुलीच्या दंडावर रक्त तरारलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा मला टोचून झालं होतं आणि मास्तर सगळ्या वर्गासमोर हसत होते. पुढं आठवडाभर ताप आला, दंड सुजला, फोड पिकला, खपली धरली. तो वण अजून आहे. तुमच्याही दंडावर असेल, हात लावून बघा.

आता आपल्या मुला-नातवंडांचे दंड आठवा. त्यांच्यावर हा वण नाही. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला आणि त्यानंतर टोचायची गरजच उरली नाही. ज्या रांगेत मी कोसळले, त्याच रांगेनं तो रोग संपवला. मास्तरांचं हसणं मी अजून विसरलेले नाही. पण ही गोष्टही मला विसरता येत नाही.

देवीनंतर दवाखान्यातली इंजेक्शनं सुरू झाली. स्टोव्हवर ठेवलेलं स्टीलचं भांडं, त्यात खदखदणारं पाणी, चिमट्यानं बाहेर काढलेली काचेची सिरिंज आणि तिच्यावर बसवलेली जाड सुई. तीच सुई उकळून उकळून पुन्हा वापरायची, त्यामुळे तिची धार बोथट झालेली असायची. ती टोचत नसे, घुसवावी लागे. त्यात कुणाला कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं! आमच्या गल्लीतल्या एका काकांना ती घेताना मी पाहिलं आहे. पोटावर एवढाल्या गाठी यायच्या, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तालुक्याला जायचं. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता कुत्रं चावल्यावरची लस दंडात देतात, चार-पाच वेळा. (ती मात्र भीतीपोटी एक दिवसही पुढे ढकलू नका. रेबीज झाल्यावर उपाय नाही.) तरी अजूनही ‘इंजेक्शन’ हा शब्द ऐकला की आपल्याला पोटातली ती चौदा आठवतात.

म्हणून सांगते, तुम्ही ज्या सुईला भिता ती सुई आता नाही. आजची लशीची सुई जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते. सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढतात आणि एकदा वापरली की टाकून देतात. औषध असतं अर्धा मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा दहावा भाग. टोचायला दोन-तीन सेकंद पुरतात. दुसऱ्या दिवशी दंड ठणकतो, कणकण येते, कुणाला दोन दिवस अंग मोडून आल्यासारखं होतं. ते मी लपवणार नाही. पण बहुतेकांना एवढंच.

आणि ही सुई चुकवली तर काय होतं, तेही मी बघितलं आहे.

माझी थोरली बहीण, आक्का. वय एकाहत्तर. गेल्या श्रावणात तिच्या उजव्या बरगडीखाली आग आग व्हायला लागली. वर काहीच दिसेना. पित्त असेल म्हणून दोन दिवस ताक पीत राहिली. तिसऱ्या दिवशी पाठीपासून बेंबीपर्यंत फोडांचा पट्टा उठला. शेजारणींनी बघताक्षणी सांगितलं, नागीण. लगेच गेरूचा लेप झाला, कुणीतरी मंत्र टाकणाऱ्याचं नाव सुचवलं. ‘नागिणीची दोन तोंडं एक झाली तर माणूस जगत नाही,’ असंही तिच्या उशाशी बसून सांगून गेले. आक्का रात्र रात्र आरशापुढे उभी राहून पट्टा किती पुढं सरकला ते बोटांनी मोजायची. मी पोचले तेव्हा फोड उठल्याला पाचवा दिवस उजाडला होता.

नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्याच. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. कण्याजवळच्या नसांच्या मुळाशी तो वर्षानुवर्षं झोपून राहतो. वय वाढलं, मधुमेह किंवा दुसऱ्या एखाद्या आजारानं प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या नसेच्या वाटेनं बाहेर पडतो. ती नस शरीराच्या एका बाजूलाच असते, म्हणून पट्टाही एकाच बाजूला थांबतो. दोन तोंडं एक व्हायची गोष्ट खोटी आहे. हे आक्काला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तिच्या तेवढ्या रात्री तरी वाचल्या असत्या. विषाणूवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. तिचे तीन दिवस गेरूत गेले.

फोड पंधरा-वीस दिवसांत सुकले. वेदना मात्र राहिली. नसच दुखावलेली असते, त्यामुळे कातडी बरी दिसते आणि आतून आग होत राहते. आक्काला पोलकं घालवेना. पदराचा काठ लागला तरी ती कळवळायची. अंगावर पंख्याचा वारा नको, नातवाची मिठी नको. दिवाळी तिनं सैल गाऊनवर, खोलीचं दार लावून काढली. त्या दिवसांत एकदा ती मला हळूच म्हणाली, ‘डॉक्टरांनी गेल्या वर्षीच लस घे म्हणून सांगितलं होतं गं. मीच महाग आहे म्हणून सांगून टाळलं. पैशाचं काही नव्हतं. सुईचं होतं.’

एकाच घरात वाढलेल्या आम्ही दोघी बहिणी. पण तिलाही सुईची भीती वाटते हे मला तिच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

नागिणीची लस आता आपल्याकडे मिळते. पन्नाशीनंतर घेता येते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. चाचण्यांमध्ये तिनं पन्नाशीपुढच्या दहांतल्या नऊ जणांहून अधिकांना नागिणीपासून वाचवलं. नागीण एकदा होऊन गेली असली तरी बरं झाल्यावर घेता येते. ती स्वस्त नाही, हे खरं आहे. एका डोसलाच हजारो रुपये लागतात, तेव्हा घरात बसून विचार करावा लागतो. पण तो विचार पैशाचाच असू द्या, पैशाच्या आड लपलेल्या भीतीचा नको.

फ्लूची लस त्या मानानं परवडणारी आहे आणि घाई आहे ती तिचीच. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते. लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे मृगाआधी टोचलेली सुई आषाढात उपयोगी पडते, आषाढात तापानं फणफणल्यावर टोचून घ्यायला जाल तर तो हंगाम हातचा गेलेला असतो. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लसही दर वर्षी नव्यानं घ्यावी लागते. ‘मी तीन वर्षांपूर्वी घेतली होती’ हे उत्तर इथे चालत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून तपासणीच्या रांगेत उभे राहिलेले लोक आठवा. आपल्या वयात फ्लू नुसत्या तापावर थांबत नाही. कॅनडातल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण एरवीच्या सहा पट आढळलं. ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, ज्यांना मधुमेह किंवा दमा आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. फ्लूच्या पाठोपाठ न्यूमोनियाही छातीत घर करतो. त्याच्यावरची न्यूमोकॉकल लस दर वर्षी लागत नाही. एक डोस की दोन, ते डॉक्टर तुमच्या आजारांप्रमाणे ठरवतील.

धनुर्वाताबद्दल दोन शब्द पुरुषमंडळींसाठी. आम्हा बायकांना निदान बाळंतपणाच्या वेळी ती इंजेक्शनं मिळाली. तुम्हाला शेवटचं कधी मिळालं? आठवत नसेल तर दहा वर्षं नक्की उलटली आहेत, आणि हे इंजेक्शन दर दहा वर्षांनी घ्यायचं असतं. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. तो माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे गावातल्या सगळ्यांनी लस घेतली तरी तिच्यामुळे तुमचा बचाव होत नाही. ज्याच्या दंडात सुई गेली तोच वाचतो. आता थोड्या दिवसांत पालख्या निघतील. आळंदीहून, देहूहून पंढरपुरापर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट. कित्येक माऊली ती अनवाणी चालतात, राहुट्यांत दाटीवाटीनं झोपतात, खोकला एकाचा दहांना होतो. वारकरी भावाबहिणींनो, पडशी भरायला घ्याल तेव्हा आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. धनुर्वाताची लस तिथे मिळते. फ्लूच्या लशीची चौकशीही तिथेच करा.

आता मी माझी सुई कशी घेतली ते सांगते.

आक्काच्या त्या कबुलीनंतर मी फ्लूच्या लशीसाठी दवाखान्यात गेले. रिक्षातून उतरताना पाय जड झाले होते. टेबलापाशी नाव सांगितलं आणि लगेच, माघार घ्यायला वेळ मिळू नये म्हणून, बोलून टाकलं, ‘सिस्टर, मला सुईची फार भीती वाटते. लहानपणी मी चक्कर येऊन पडले होते.’ साठ वर्षं अडकलेलं हे वाक्य. मला वाटलं होतं, ती हसेल. ती म्हणाली, ‘बरं झालं सांगितलंत, काकू. मग आपण झोपून घेऊ.’ तिनं ट्रे माझ्या नजरेआड केला, दार लोटलं आणि मला तपासणीच्या टेबलावर आडवं केलं.

मग तिनं एक युक्ती शिकवली. काही माणसांना सुई किंवा रक्त दिसलं की आधी छाती धडधडते आणि मग एकदम रक्तदाब खाली येतो. मेंदूकडे रक्त कमी पोचतं आणि घेरी येते. म्हणजे हा मनाचा भित्रेपणा नसून शरीराचीच एक चाल आहे, आणि तिला शरीरानंच उत्तर देता येतं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात त्यासाठी एक पद्धत बसवली. मांड्या, पोट आणि ज्या हाताला टोचणार नाहीत त्याची मूठ गच्च आवळायची. दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद सैल सोडायचं. असं चार-पाच वेळा. त्यानं रक्तदाब टिकून राहतो. घरी आठवडाभर रोज करून बघितलं तर ऐनवेळी आठवतं. हृदयविकार असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ज्या हाताला टोचणार तो मात्र सैलच ठेवायचा, ताठ दंडात जास्त दुखतं.

मी मूठ आवळली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघत राहिले. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता ते शोधत होते. दंडाला मुंगी चावल्यासारखं झालं. ‘कापूस दाबून धरा,’ सिस्टर म्हणाली. चंद्रोदय अजून सापडायचा होता.

लगेच उठू नका. पंधरा मिनिटं पडून राहा, मग बसा, मग उभे राहा. आपल्या वयात सुईनं सहसा काही होत नाही, पण चक्कर येऊन पडलं तर खुब्याचं हाड मोडतं. उपाशीपोटी जाऊ नका, थोडं खाऊन आणि पाणी पिऊन जा. बाही सहज वर जाईल असं पोलकं किंवा सदरा घाला. दुखण्याचीच धास्ती असेल तर दंड बधिर करणारं मलम मिळतं, ते डॉक्टरांना विचारून तासभर आधी लावता येतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, पूर्वी एखाद्या लशीचा किंवा औषधाचा जोराचा त्रास झाला असेल, सध्या ताप असेल, तर ते आधी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनाही बहुधा लस देता येते, टोचल्यावर जागा जरा जास्त वेळ दाबून धरावी लागते. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

सिस्टर आणि डॉक्टरांनाही माझं एक मागणं आहे. पांढऱ्या केसांचं माणूस तुमच्यापुढे येऊन टाळाटाळ करू लागलं तर त्याला सरळ विचारा, ‘सुईची भीती वाटते का?’ तुम्ही विचारलंत तर ते हो म्हणेल. आपणहून सांगायला त्याला साठ वर्षं लागतील.

मुलांनो, सुनांनो, तुमच्या बाळाचं लसीकरणाचं कार्ड तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवता, पुढची तारीख फोनमध्ये लावता. ते बरोबरच आहे. आईबाबांचं असं कार्ड मात्र सरकार देत नाही आणि त्यांची तारीख कुणी कळवत नाही. सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान योजनेचं पाच लाखांचं कवच आलं, ते चांगलंच झालं. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येतं. दाखल व्हायची वेळ येऊ नये म्हणून जी सुई घ्यायची, तिची आठवण तुम्हालाच ठेवावी लागेल. ‘एवढ्याशा सुईला काय घाबरता?’ असं कृपा करून म्हणू नका. बरोबर जा, खुर्ची ओढून शेजारी बसा, मोकळा हात हातात घ्या. परदेशात किंवा लांबच्या शहरात असाल तर शेजारच्या कुणाला तरी बरोबर जायला सांगा आणि त्या वेळी फोनवर बोलत राहा.

आक्कानं नागिणीचा पहिला डोस घेतला. टेबलावर आडवी होऊन, माझा हात धरून. दुसरा डोस येत्या शनिवारी आहे आणि त्याच दिवशी मी तिच्या फ्लूच्या लशीचंही डॉक्टरांना विचारणार आहे. सकाळी दहाला रिक्षा सांगितली आहे. पंचांगात बघा, मृगाला किती दिवस उरलेत ते. आणि तुमच्याबरोबर कोण येणार, ते आज रात्री जेवायच्या आत ठरवून त्या माणसाला फोन करा.